दूधपेढीचं नाक

"टाकून दे," लिंदाल्वा म्हणाली आणि तिने बरणीचं झाकण फिरवून घट्ट केलं.

तासियानाचं पेन वहीवरच थांबलं. "परत? दोना लिंदाल्वा, ही त्या झुसेलियाची बरणी आहे. सलग तिसरी टाकतोय आपण."

"मग तिसरी टाक. साबणाचा वास आहे."

"थेंबाच्या परीक्षेत तर चांगलं आलंय. आंबटपणा अजिबात नाही."

"थेंबाला नाक असतं का गं पोरी?"

तासियाना हसली. दूधपेढीत येऊन तिला तीन वर्षं झाली होती, आणि या वाक्यानंतर वाद घालायचा नसतो हे ती पहिल्या महिन्यातच शिकली होती. तिने वहीत 'नापास, वास' असं लिहिलं आणि बरणी बेसिनमध्ये रिकामी केली. लिंदाल्वाने तिकडे पाहिलं नाही. तिने पुढची बरणी उघडली, नाकाखाली धरली, डोळे मिटले आणि श्वास आत घेतला. आत गेली ती नुसती हवा. गेले सव्वीस दिवस तिला कसलाच वास येत नव्हता.

जूनमध्ये तिला ताप आला होता. तो सांव जोआंवच्या सणाचा पंधरवडा. दारोदार शेकोट्या पेटलेल्या, कणसं भाजली जाताहेत, गावभर धूर. त्या दिवसांत सगळ्यांचीच नाकं चोंदतात, त्यामुळे तिने मनावर घेतलं नाही. मग सण संपला, राख झाडून झाली, लोकांची नाकं मोकळी झाली. एका सकाळी शेजारीण कुंपणावरून ओरडली, "लिंदाल्वा, घर पेटवतेस काय गं? तव्यावर काय जळतंय?" लिंदाल्वा तव्यापासून दोन हातांवर उभी होती. तव्यावरचा मक्याचा कुस्कुस काळा ठिक्कर पडला होता.

त्या दिवसापासून ती ही भीती रोज पांढऱ्या झग्याखाली झाकून कामावर आणत होती.

कारण लिंदाल्वा म्हणजे नाक. गावाला ती नुसती दोना, म्हणजे बाई, लिंदाल्वा होती; आडनाव ठाऊक नव्हतं, नाक ठाऊक होतं. पाराइबाच्या त्या कोरड्या मुलखातल्या मातृरुग्णालयाची दूधपेढी निघाली तेव्हापासून, म्हणजे चोवीस वर्षं, ती त्या टेबलाशी बसत होती. गावातल्या ज्या बायकांना आपल्या बाळाचं पोट भरून दूध उरायचं, त्या ते कॉफीच्या रिकाम्या काचेच्या बरण्यांत काढून गोठवून ठेवत. आगीचे बंबवाले आठवड्यातून एकदा गाडी घेऊन दारोदार फिरत आणि बरण्या गोळा करून आणत. हे दूध कुणी विकत नसे, कुणाला विकत मिळतही नसे. दिवस भरण्याआधी जन्मलेली, काचेच्या पेटीत ठेवलेली, जेमतेम किलोभराची बाळं त्यावर जगत. ते तापवून निर्जंतुक करण्याआधी प्रत्येक बरणीचा वास घ्यावा लागे, आणि त्यासाठी कुठलं यंत्र नव्हतं. चांगल्या दुधाला जवळजवळ वासच नसतो. पण दूध शेजारचा वास चटकन ओढून घेतं. साबण, मासळी, कांदा, तंबाखू, काहीही. अशी बरणी एवढ्याशा जिवाच्या पोटात जाऊ द्यायची नाही, एवढंच लिंदाल्वाचं काम.

आणि ते तिने कसं केलं होतं! बरणी फ्रीजमध्ये मासळीशेजारी होती की फक्त त्या खणात होती, हे ती सांगे. एकदा एका बरणीला तंबाखूचा वास आला. त्या घरचा पुरुष आठ महिने साओ पाउलोला कामावर होता. लिंदाल्वाने त्या बाईला फोन करून "बरणी झोपायच्या खोलीत नका ठेवू हं" एवढंच सांगितलं, आणि पुढे कधीही त्या घराविषयी चकार शब्द काढला नाही. बायका तिला घाबरत आणि तिच्यावर विश्वासही टाकत.

या नाकासाठी तिने फार काही सोडलं होतं. अत्तर नाही, वासाचा साबण नाही, कामाच्या दिवशी कच्चा कांदा नाही. झेनिवाल नावाचा एक चांगला माणूस होता. लाकडाच्या वखारीत कामाला होता, हसरा होता, तिच्यावर जीव टाकायचा. पण तो वळलेला तंबाखू ओढायचा आणि तो वास तिच्या केसांत राहायचा. तिने त्याला तंबाखू सोडायला सांगितलं. त्याने दोनदा सोडला, तीनदा धरला. शेवटी तो वैतागून म्हणाला, "तू त्या नाकाशीच लग्न कर." आणि दुसऱ्या गावाला गेला. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. आता छप्पन्न. घरात दोन खोल्या, एक रेडिओ आणि बिनवासाचा साबण.

नाक गेल्याचं सांगितलं असतं तर काय झालं असतं? कुणी फाशी देणार नव्हतं. दुसरं काम दिलं असतं. पण त्या टेबलाशिवाय आपण कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. येईल परत, असं ती रोज म्हणत होती. तोवर बरण्या तर थांबत नव्हत्या. मग तिने नावं वाचायला सुरुवात केली. क्लेओनिसीची बरणी? दहा वर्षांची ओळख, तिसऱ्या बाळाचं दूध, बाई टापटिपीची. पास. नवं नाव दिसलं की मात्र अंदाज बांधायला काहीच नसायचं. चुकून वाईट दूध आत गेलं तर? त्यापेक्षा टाकलेलं बरं. ती बरणी टाकायची, आणि नियमाप्रमाणे तासियाना त्या घरी चिठ्ठी धाडायची: दुधाला वास आहे, कृपया स्वच्छता पाळा.

चिठ्ठी पुढे काय करते, याचा लिंदाल्वाने विचारच केला नव्हता.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी बंबवाला वाल्मीर बरण्यांचा खोका घेऊन आला. धिप्पाड माणूस, पण बरण्या अशा ठेवायचा की आवाज होत नसे.

"आज एक घर कमी," तो म्हणाला. "झुसेलिया, देवळामागची. तिच्या सासूने दार लावून घेतलं. म्हणाली, आमच्याकडचं दूध नासकं आहे, येत जाऊ नका. आत पोरगी रडत होती. तिने बाळालाही पाजायचं बंद केलंय म्हणे. डब्यातली पावडर देतात."

तासियाना म्हणाली, "अगं बाई! पण आपण तर फक्त वास म्हणालो होतो."

लिंदाल्वाने हातातली बरणी खाली ठेवली. ती ठेवताना काच टेबलावर जोरात आपटली. मग तिने झग्याची बटणं काढली, पुन्हा लावली, आणि वाल्मीरला म्हणाली, "मला तिकडे ने."

"तुम्हाला? आत्ता?"

"आत्ता."

चोवीस वर्षांत ती कुठल्याच बाईच्या घरी गेली नव्हती. घरं तिला बरणीतूनच माहीत होती.

दार सासूनेच उघडलं. दोना ओतीलिया, बुटकी, कमरेला फडकं खोचलेली. दारात बंबवाला पाहून तिने कपाळाला आठ्या घातल्या, पण मागची बाई दिसताच तिचा चेहराच बदलला.

"आवे मारिया! दोना लिंदाल्वा? तुम्ही स्वतः? या, या, आत या. झुसेलिया, खुर्ची पूस! अहो, तुम्हाला आठवणार नाही, पण माझा एरिनाल्दो सातव्या महिन्यातच झाला. एवढासा होता, उंदराच्या पिल्लाएवढा. चाळीस दिवस तुमच्या पेढीच्या दुधावर काढले त्याने. डॉक्टर म्हणायचे, घाबरू नका बाई, दूध लिंदाल्वाच्या नाकाखालून आलंय. आता बघा, साओ पाउलोत इमारती बांधतो. म्हणून तर हिला म्हटलं होतं, तुझं दूध उरतंय ना, मग पेढीला द्यायचं. आपल्यावर ऋण आहे." मग तिचा आवाज खाली आला. "पण हिचं नशीबच खोटं."

झुसेलिया कोपऱ्यात उभी होती. एकोणीस वर्षांची असेल. दूध आटावं म्हणून तिची छाती कापडाच्या पट्टीने आवळून बांधली होती, आणि पट्टीवर दोन ओले डाग होते. बाळ पाळण्यात होतं. त्याच्या शेजारी पावडरचा डबा.

"दोना ओतीलिया," लिंदाल्वा म्हणाली, "हिचं दूध चांगलं आहे. ती पट्टी सोडा."

"चांगलं कसं?" ओतीलियाने भिंतीवरच्या संत आंतोनियोच्या तसबिरीमागून तीन चिठ्ठ्या काढल्या. जपून ठेवल्या होत्या. "हे तुमचंच ना? साबणाचा वास. आम्ही साबण बदलला. परत वास. मग साबण बंदच केला, बरणी तीनदा उकळली, हात राखेने धुतले. तरी वास. मग तुम्हीच सांगा, बाहेर साबण नाही तर वास कुठून येतोय? हिच्या अंगातूनच ना? असलं दूध मी नातवाला कसं पाजू देऊ?"

तिचं काही चुकत नव्हतं. चिठ्ठी खरी धरली तर पुढचं सगळं बरोबर होतं.

"चिठ्ठी चुकीची आहे," लिंदाल्वा म्हणाली. "मला वास येत नाही. जूनपासून. ताप आला आणि गेला, त्याच्याबरोबर नाकही गेलं. मी कुणाला बोलले नाही."

ओतीलिया चक्क हसली. तिने लिंदाल्वाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "किती मोठ्या मनाच्या हो तुम्ही! पोरीला बरं वाटावं म्हणून स्वतःकडे कमीपणा घेताय. तुम्हाला वास येत नाही? मग पाद्रीबाबांना प्रार्थना येत नाही असंही म्हणा."

"खरंच सांगतेय."

"असू दे, असू दे. मी समजले."

आता काय करावं? वाल्मीर दारात मान खाली घालून उभा होता. तो हे पहिल्यांदाच ऐकत होता. लिंदाल्वाने त्याच्याकडे पाहायचं टाळलं. ती पाळण्याकडे गेली. बाळ जागं होतं, पाय झाडत होतं. तिने वाकून त्याला उचललं, खुर्चीवर बसून मांडीवर घेतलं आणि त्याच्या पोटावरून हात फिरवत झुसेलियाशी बोलू लागली.

"ऐक. तिसऱ्या चिठ्ठीला दहाच दिवस झालेत ना? दूध अजून पुरतं गेलेलं नाही, पट्टी ओली आहे बघ तुझी. बाळाला दर दोन तासांनी अंगावर घे. तोंडात धरत नसेल तर हाताने काढ, मी दाखवीन. पहिले दोन दिवस चार थेंब येतील, घाबरायचं नाही..."

ती बोलत राहिली. बाळाच्या गालाला गाल लावला, त्याचा पाय मुठीत धरला, पुन्हा बोलली. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की कुणीच उत्तर देत नाहीये. तिने मान वर केली. झुसेलियाने फडक्याचा बोळा तोंडावर धरला होता. वाल्मीर रस्त्याकडे तोंड करून उभा होता आणि त्याचा रुमाल नाकावर होता. ओतीलिया कमरेचं फडकं हातात घेऊन हवा घालत होती. हवा घालता घालता तिचा हात मध्येच थांबला, आणि ती लिंदाल्वाच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहू लागली.

"दोना लिंदाल्वा," वाल्मीर अगदी हळू म्हणाला, "बाळाने केलंय."

"कधी?"

"केव्हाचं."

लिंदाल्वाने लंगोटाखाली हात घातला. हात भरला. तिच्या स्वतःच्या झग्यावर, मांडीवर, सगळीकडे झालं होतं. आईच्याच दुधावर असलेल्या बाळाच्या लंगोटाला फारसा वास नसतो, हे तिला चोवीस वर्षं माहीत होतं. आग विझवणाऱ्या माणसाला तोंड फिरवायला लावणारी ही घाण डब्यातल्या दुधाची होती, आणि तो डबा या घरात तिच्यामुळे आला होता. तिला रडू फुटलं. हात भरलेले असल्यामुळे डोळे पुसता येईनात.

ओतीलिया जमिनीवरच बसली. "खरंच नाही येत?"

"नाही."

"मग या चिठ्ठ्या?"

"अंदाजाने लिहायला सांगितल्या. हिचं नाव नवं होतं. मला भीती वाटली."

तेव्हा झुसेलिया पहिल्यांदा बोलली. आवाज चढला नव्हता तिचा. "मी दहा दिवस त्याला जवळ घेतलं नाही. माझ्या अंगाला घाण येते म्हणून. रात्रीसुद्धा आईंकडे दिला. तो रडायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायचे."

"माफ कर मला," लिंदाल्वा म्हणाली.

ओतीलिया गुडघ्यांवर हात टेकून उठली, सुनेच्या मागे गेली आणि पट्टीची गाठ सोडू लागली. गाठ घट्ट बसली होती. तिने दातांनी सोडवली.

दूधपेढीच्या प्रमुख डॉक्टर ईवोनेंनी लिंदाल्वाचं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा फक्त दिवस विचारले. "किती?"

"सदतीस."

"सदतीस दिवस तुम्ही माझ्यासमोर बसून श्वास घेण्याचं नाटक केलंत?"

"हो."

डॉक्टर चिडल्या, आणि चिडणं बरोबरच होतं. फ्रीजरमधल्या सगळ्या बरण्या बाहेर आल्या आणि तासियानाने दोन दिवस बसून त्या एकेक करून तपासल्या. बहुतेक चांगल्या निघाल्या. क्लेओनिसीच्या दोन बरण्यांना मात्र मासळीचा वास होता. जे दूध आधीच पाजून झालं होतं, त्याचं काय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. बाळं ठीक होती, एवढं खरं. ज्यांच्या बरण्या ओळीने टाकल्या होत्या त्या अकरा नव्या बायकांना डॉक्टरांनी स्वतः फोन केले. त्यांतल्या सहाजणी पुन्हा दूध द्यायला तयार झाल्या.

तासियाना टेबलाशी बसू लागली. पहिल्या दिवशी ती सारखी मागे वळून बघत होती. लिंदाल्वाला बरण्या उकळण्याचं काम मिळालं. त्या खोलीत वाफ असते, बोलायला माणूस नसतं. दुपारी काम संपलं की ती देवळामागच्या घरी जायची.

पहिले पाच दिवस झुसेलिया तिच्याशी एक शब्द बोलली नाही. दाखवेल तसं हाताने दाबायची, वाटीत चार थेंब पडायचे, आणि ती वाटी खाली ठेवून आत निघून जायची. लिंदाल्वा वाटी धुऊन ठेवायची. ओतीलियाच काय ती बोलायची, आणि आता ती लिंदाल्वाला सगळं सांगायची, कारण सांगावंच लागायचं. बाळ ओकलं तर आंबट वास आहे की नाही, अंगाला कसा येतो, आणि मुख्य म्हणजे लंगोट.

"आज कसा आहे?" लिंदाल्वा विचारायची.

"वाईट. पण कालच्यापेक्षा कमी." दोन दिवसांनी, "सहन होतो." आठवड्याने, "दार उघडं ठेवलं की पुरे."

डब्यातली पावडर कमी कमी होत बंद झाली. बाळ अंगावर पिऊ लागलं, आधी रडत, मग रागाने, मग झोपेत. झुसेलिया एकदा हसून म्हणाली, "दोना लिंदाल्वा, हा चावतो हो!" आणि मग आपण हिच्याशी बोलत नाही हे आठवून गप्प झाली. पण तेव्हापासून बोलू लागली.

बाविसाव्या दिवशी लिंदाल्वा पोचली तेव्हा झुसेलिया ओट्यावर बसून पाजत होती. दूध बाळाच्या हनुवटीवरून ओघळत होतं. ओतीलिया नुकताच बदललेला लंगोट हातात घेऊन तिची वाट पाहत उभी होती. तिने तो नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि चांगला लांब श्वास घेतला.

"काही नाही," ती म्हणाली. "म्हणजे थोडं दह्यासारखं. बस्स."

"नक्की?"

"आता माझ्या नाकावर भरवसा नाही होय तुमचा?" ओतीलिया म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

लिंदाल्वा हसली. "आहे, आहे." तिने बाळाच्या टाळूवर हात ठेवला. "मग झालं तर. उद्यापासून मी यायची गरज नाही."

"वा, असं कसं? सहज म्हणून या की."

"येईन," लिंदाल्वा म्हणाली. तिघींनाही ठाऊक होतं की ती कुणाच्या घरी सहज जाणारी बाई नव्हती.

निघण्याऐवजी तिने ओतीलियाच्या हातातून लंगोट घेतला. ओतीलिया नको नको म्हणत असताना मागच्या अंगणात गेली, दगडावर बसली आणि धुऊ लागली. ऊन कडक होतं. ती तो एवढासा कपडा सावकाश चोळत राहिली, पिळून पुन्हा पाण्यात बुडवत राहिली. घरी जायची तिला कुठलीच घाई नव्हती.

"अहो, झाला की स्वच्छ!" ओतीलिया दारातून म्हणाली.

लिंदाल्वाने लंगोट पिळला, झटकला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"तुम्ही एकदा वास घेऊन सांगा," ती म्हणाली, "मग वाळत घालते."